मुलासाठी चांदीच्या नाण्यांचा संग्रह: पहिल्या रुपयापासून हवाली करेपर्यंत

बारशाला वाळे, वाटी-चमचा, कमरेची साखळी हे यायचं ते येतंच. वर्षभरात वाळे पायाला होत नाहीत, वाटीला पोचा पडतो आणि सगळं पिशवीत बांधून कपाटात जातं. भाचीच्या वेळी मी त्याऐवजी नाणी द्यायची ठरवली, दर वाढदिवसाला थोडी थोडी. तेव्हापासून नात्यातलं कोणी ना कोणी विचारतंच: कुठली घ्यायची, कुठून घ्यायची, फसवत तर नाहीत ना? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. चांदीच्या नाण्याला दोन किमती असतात. एक त्यातल्या चांदीची आणि दुसरी नाणं म्हणून असलेली. दुकानदार दोन्हींचा मिळून एकच आकडा सांगतो. तो आकडा मनात सुटा करता आला की तुमची फसगत होणं अवघड.

१. कुठल्या प्रकारची नाणी, ते ठरवा

बाजारात "चांदीचं नाणं" म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली सराफाकडची. लक्ष्मी-गणपती, कमळ, स्वस्तिक, ९९९ शुद्धतेची (हजारात ९९९ भाग चांदी), ५, १०, २०, ५० ग्रॅमची. हे खरं तर चलन नव्हे, गोल आकाराची चांदी आहे. इथे फक्त वजन विकत घ्यायचं.

दुसरी जुनी चलनी नाणी, म्हणजे राणीछाप, राजाछाप रुपये, अधेल्या (आठ आणे), पावल्या (चार आणे), चवल्या (दोन आणे) आणि संस्थानांची नाणी. इथे चांदी आणि नाणेपण दोन्ही आहे.

तिसरी भारत सरकारच्या टांकसाळीची स्मारक नाणी, एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या निमित्ताने काढलेली. छान डबीत येतात, दिसायला देखणी असतात. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांत चांदी मात्र अनेकांना वाटते त्याहून बरीच कमी असते.

माझं मत विचाराल तर मुलासाठी दुसरा प्रकार मुख्य ठेवा, तिसऱ्यातली दोन-चार निवडक घ्या आणि पहिला प्रकार आजी-आजोबांवर सोडा. ते धनत्रयोदशीला आणणारच आहेत!

२. जवळ काय काय हवं

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा. काही शे रुपयांत मिळतो.
- व्यास आणि जाडी मोजायला डिजिटल कॅलिपर
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- लहान पण जोरदार लोहचुंबक
- नाण्यांच्या मापाच्या प्लॅस्टिक कॅप्सूल, सिलिका जेलच्या पुड्या, झाकणाचा डबा
- एक जाड पुठ्ठ्याची वही, आणि पावत्यांसाठी पाकीट

काटा आणि कॅप्सूल पहिल्या नाण्याच्या आधी आणा. नाणं आधी आलं तर ते हमखास कापसात नाहीतर रुमालात गुंडाळून ठेवलं जातं.

३. हिशेब शिका

सूत्र शाळेतलं आहे: वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव.

ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया एक तोळा भरतो, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज सराफ "तोळा" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात १० ग्रॅम असतात, हे लक्षात ठेवा. जुन्या रुपयाचा भाव कोणी "तोळ्याला इतके" असा सांगितला तर कुठला तोळा, ते विचारून घ्या.

या रुपयाची शुद्धता ९१.७ टक्के, बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे आत १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. सोयीसाठी भाव ग्रॅमला १०० रुपये धरला (आजचा भाव तुम्ही टाका), तर चांदीची किंमत १,०६९ रुपये. दुकानदार १,५०० सांगत असेल, तर ४३१ रुपये नाणेपणाचे. ते द्यावेत की नाही, हा निर्णय आता तुमच्या हातात आला.

खरा सापळा १९४० नंतरच्या नाण्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवायची म्हणून १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी ५० टक्क्यांवर आणली. वजन तेच, चेहरा सहाव्या जॉर्जचाच, पण आत चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. आपल्या उदाहरणात ५८३ रुपये. "जुना चांदीचा रुपया" म्हणून दोन्ही एकाच भावात खपवणारे भेटतात.

आणि १९४७ चा रुपया, मागे वाघ असलेला? त्यात चांदी नाहीच. तो निकेलचा आहे आणि चुंबकाला चटकन चिकटतो. तरीही तो चांदीचा म्हणून दाखवणारे आहेत. नाणं सुंदर आहे, स्वातंत्र्याच्या वर्षाचं म्हणून जरूर घ्या, पण निकेलच्या भावात.

टांकसाळीच्या स्मारक नाण्यांनाही हेच सूत्र. २०१८ मध्ये अटलबिहारी वाजपेयींचं १०० रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, चांदी ५० टक्के, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. अशा नाण्यांची टांकसाळीची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त असते आणि ते वाजवीही आहे, कारण घडण आणि डबीचे पैसे त्यात असतात. दलाल त्यावर आणखी चढवतो, ते मात्र तपासा.

४. सुरुवात पंचम जॉर्जपासून करा

नवखे लोक व्हिक्टोरियाकडे धावतात. मी सांगेन, पहिलं नाणं १९१२ ते १९१९ मधला पंचम जॉर्जचा रुपया असू द्या. हे रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले, त्यामुळे चांगल्या स्थितीतला नमुना चांदीच्या भावावर थोडे पैसे देऊन मिळतो. दुर्मिळ नसल्यामुळे नकलाही त्यामानाने कमी.

मुलाला सांगायला यात गोष्टही आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोकांचा कागदी नोटांवरचा विश्वास उडाला आणि जो तो चांदीचे रुपये मागू लागला. सरकारकडे पुरेशी चांदी नव्हती. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटिशांना विकली. १९१८-१९ च्या रुपयात कदाचित वितळलेला अमेरिकी डॉलर आहे, हे सातवी-आठवीतल्या पोराला सांगून बघा.

रुपयानंतर त्याचीच भावंडं गोळा करा. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२, चवली १.४६. प्रत्येक नाणं आधीच्याच्या निम्मं. चारही पंचम जॉर्जची आणि चांदीची हवीत तर वर्षं १९१२ ते १९१७ मध्ये बघा, कारण १९१८ पासून चवली निकेलमिश्रित तांब्याची आणि चौकोनी झाली. चौघांत मिळून साधारण २० ग्रॅम शुद्ध चांदी भरते. काट्यावर आधी अधेली, मग दोन पावल्या ठेवून आकडे बघितले की अपूर्णांक शिकवावे लागत नाहीत. भाचीने हा उद्योग तासभर केला होता.

इथे एक बारकी अडचण आहे. १९१९-२० ची आठ आण्यांची काही नाणीही निकेलमिश्रित तांब्याची आहेत. चांदीच्या अधेलीवर इंग्रजीत "हाफ रुपी" असतं आणि त्या नाण्यांवर "८ अ‍ॅनाज". फोटोवरून घेताना मजकूर वाचा.

मागच्या बाजूला तळाशी कमळाखाली बारीक ठिपका दिसला, तर नाणं मुंबई टांकसाळीचं. ठिपका नसेल तर कोलकात्याचं. भिंग पहिल्यांदा हातात आल्यावर मुलांना हेच शोधायला द्या.

५. पुढच्या वर्षांसाठी काय

सातवा एडवर्ड (१९०३ ते १९१०) घ्या. त्याच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, हे मुलांना लगेच दिसतं. मग व्हिक्टोरिया. तिच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत "क्वीन" आणि त्यानंतर "एम्प्रेस" आहे, म्हणून दोन्ही घ्यायला हरकत नाही. १८६२ साल लिहिलेले रुपये बरेच दिसतील. तेच साल गोठवून पुढे कित्येक वर्षं रुपये पाडले गेले, त्यामुळे केवळ "१८६२ चा आहे" म्हणून जास्त पैसे मोजू नका.

१९११ चा रुपया सोडून द्या. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली. खरा नमुना महाग आहे, आणि नवख्याच्या वाट्याला येतो तो खोटाच. १९३९ च्या रुपयाचंही तसंच.

संस्थानांत माझा जीव बडोद्यावर आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर त्यांचा चेहरा आहे आणि मजकूर देवनागरीत. मुलाला तो स्वतः वाचता येतो. यापुढे इंग्रजी अक्षरांची सगळी नाणी फिकी पडतात. मराठवाड्यातलं घराणं असेल तर निजामाचा चारमिनार छापाचा रुपया घ्या. पणजोबांनी तो हाताळलेला असण्याची शक्यता दांडगी. त्यात चांदी ८१.८ टक्के आहे, ब्रिटिश रुपयाचा हिशेब लावू नका. गोव्याच्या मंडळींसाठी पोर्तुगीज राजा लुईशचा १८८१ किंवा १८८२ चा "रुपिया".

पेशवाईतले अंकुशी, चांदवडी रुपये मोह पाडतात. पण ते हाताने पाडलेले, आकाराने वेडेवाकडे, अर्धाच ठसा उमटलेले असतात. पारख यायला वेळ लागतो. ते शेवटी ठेवा.

स्वतंत्र भारतातलं माझ्या मते सगळ्यात रास्त नाणं म्हणजे गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं. १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे बरोब्बर १२ ग्रॅम. त्यावर १८६९-१९४८ एवढीच सालं आहेत. याच छापाची एक रुपया, पन्नास पैसे आणि वीस पैसे अशी नाणीही निघाली होती, ती चांदीची नाहीत.

६. कुठून घ्यायची

जुन्या नाण्यांसाठी नाणेसंग्राहकांच्या संस्था भरवतात ती प्रदर्शनं सगळ्यात चांगली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या ठिकाणी अशी मंडळी आहेत. एका छताखाली पुष्कळ विक्रेते असतात, पाच टेबलांवर तोच रुपया बघून भाव कळतो, आणि एकमेकांसमोर खोटं नाणं मांडायला कोणी धजावत नाही. पहिल्यांदा नुसतं फिरून या, काही घेऊ नका.

गावातला जुना सराफही उत्तम. मोडीत आलेले रुपये त्याच्याकडे असतात आणि तो ते चांदीच्या भावात देतो, कारण त्याला त्यात नाणं दिसतच नाही. विचारायचं एवढंच: "मोडीचे रुपये आलेत का? वितळवण्याआधी बघू का?"

स्मारक नाणी टांकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मागवता येतात. सराफाकडून ९९९ ची घेताना चांदीचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या. परत विकताना घडणावळ आणि कर मिळत नाहीत, म्हणून पाच-पाच ग्रॅमच्या चार नाण्यांपेक्षा वीस ग्रॅमचं एक स्वस्त पडतं. सोन्याच्या दागिन्यांसारखा चांदीवर हॉलमार्क सक्तीचा नाही, तरी असलेलंच मागा.

समाजमाध्यमांवर "तुमच्याकडचा जुना रुपया लाखात घेतो" असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. असे लोक आधी "नोंदणी फी" किंवा "कर" मागतात, कधी रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन घेत नाही.

७. पारख

क्रम असा ठेवा.

आधी चुंबक. चिकटलं, तर प्रश्न मिटला. न चिकटण्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, आत तांबं-निकेल-जस्त), तांबं, शिसं यांतलं काहीच चिकटत नाही.

मग वजन आणि व्यास, दोन्ही एकत्र. रुपया ११.६६ ग्रॅम आणि साधारण ३०.५ मिलिमीटर. शिसं सोडलं तर नकलेत वापरतात ते बहुतेक धातू चांदीपेक्षा हलके असतात. त्यामुळे नकलेचा आकार बरोबर असेल तर वजन दीड-दोन ग्रॅम कमी भरतं, आणि वजन बरोबर असेल तर नाणं जाड असतं. दोन्ही एकदम जुळवणं नकलाकाराला जड जातं. झिजलेला रुपया ११.४ च्या आसपास येऊ शकतो. त्याहून खाली असेल तर घेऊ नका.

मग भिंग. ओतून केलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. खऱ्या नाण्याच्या कडेच्या रेघा एकसारख्या असतात.

आवाजाची परीक्षा जुने लोक करतात, पण टणक जमिनीवर टाकून नाही. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकं टिचकायचं. खणखण रेंगाळली पाहिजे.

शंका राहिलीच तर सराफाकडे टंच बघायचं यंत्र असतं. त्यात नाण्याला ओरखडाही जात नाही. ॲसिड लावू देऊ नका, डाग कायमचा राहतो.

काही वस्तू पाहताच पुढे जा. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली राम-सीता-हनुमानाची "चमत्कारी" नाणी कंपनीने कधी काढलीच नाहीत. दिवाळीत मिळणारी राणीछाप १० ग्रॅमची नवी चकचकीत नाणी सराफांनी पाडलेली आहेत. त्यांत चांदी खरी असेल, वय खोटं. आणि "शेतात नांगरताना हंडा सापडला" म्हणत कोणी रस्त्यात गाठलं, तर नाणी जवळजवळ नक्की नकली. खरी असली तरी अडचण आहेच, ती पुढे सांगतो.

माळेत ओवलेल्या रुपयांना कडी लावल्याचा डाग असतो, कधी भोक. त्यांना नाण्याची किंमत देऊ नका. पण ती माळ तुमच्याच पणजीची असेल तर हा नियम विसरा आणि ती तशीच मुलाला द्या.

८. कायद्यापुरतं

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. घरात ठेवायला, भेट द्यायला अडचण नाही, पण ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातवासाठी व्हिक्टोरियाचा रुपया बॅगेत टाकून पाठवू नका. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. परदेशातल्या मुलाचा संग्रह इथेच ठेवा, सुट्टीत आल्यावर दाखवा.

जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, त्यासाठी १८७८ चा कायदा अजून लागू आहे. हंड्याची अडचण ती हीच.

प्राप्तिकराचं म्हणाल, तर आई-वडील, आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेल्या भेटीवर मुलाला कर नाही. पण मुलाने पुढे कधी नाणं विकलं तर नफा मोजताना तुम्ही दिलेली मूळ किंमत धरतात. म्हणून पावत्या फेकू नका.

९. जपणूक

जुनं नाणं घासू नका. दंतमंजन, चिंच, रांगोळी, पितळ घासायची पावडर, काहीही नाही. काळपट थर म्हणजे घाण नव्हे, संग्राहक त्याचेच पैसे देतात. घासून चमकवलेला रुपया मोडीच्या भावात जातो. यावर घरातल्या ज्येष्ठांशी वाद होणार हे धरून चाला.

लक्ष्मीपूजनाला संग्रहातली नाणी ताटात मांडू नका. हळद-कुंकू, पंचामृत आणि ओल्या अक्षता यांनी एका संध्याकाळीत होतं ते नुकसान परत भरत नाही. पूजेसाठी सराफाचं ९९९ चं वेगळं नाणं ठेवा. ते खुशाल धुवा, पुसा.

नाणं कडेने धरा. चांदी गंधकाने काळी पडते, म्हणून रबर बँड, वर्तमानपत्र आणि लोकर जवळ नको. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कडक कॅप्सूलच घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्याआधी आणि नंतर सिलिका जेल बदला.

मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत सुटी नाणी त्याच्या हाती नकोत. चवली तर गिळण्याच्याच मापाची आहे.

१०. वही आणि हवाली

प्रत्येक नाण्यासाठी वहीचं एक पान. त्यावर कुठलं नाणं, साल, टांकसाळ, मोजलेलं वजन, शुद्धता, कुठून घेतलं, किती दिले, त्यातले चांदीचे किती आणि नाण्याचे किती, आणि कुठल्या निमित्ताने. खाली दोन ओळी मुलासाठी, तुमच्या अक्षरात. दोन्ही बाजूंचे फोटो काढून पालकांच्या फोनमध्येही ठेवा, चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला लागतात.

संग्रह कोणाच्या ताब्यात आहे हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या. मौल्यवान नाणी लॉकरमध्ये, रोज बघायची पाच-सहा घरी. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की वही त्याच्याकडे द्या आणि पुढच्या नोंदी त्यालाच करू द्या. वजनही त्यानेच करायचं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. जाण्याआधी वेळ विचारून घ्या आणि वही बरोबर न्या.

पुढचं नाणं कुठलं, हे त्यानंतर त्याला ठरवू द्या. भाचीला पुढच्या वाढदिवसाला चारमिनार हवाय, आणि मला अजून चांगल्या स्थितीतला मिळालेला नाही. कोणाच्या सराफाकडे मोडीत आला असेल तर कळवा.